बुधवारच्या तासाला जनावर

रत्नागिरी,
श्रावणातला तिसरा शुक्रवार, २००८

ती. कुसुमवन्संना राजश्रीचा वाकून नमस्कार. (वाकून असं लिहिलंय खरं, पण सध्या मी वाकत नाही. वाकलं की टेबलाखालचं दिसतं, आणि टेबलाखाली काय असेल ते बघायची माझी तयारी नाही. तेव्हा नमस्कार मनातल्या मनात वाकून केलाय असं समजावं.)

तुमचे गुडघे कसे आहेत? सावर्ड्याकडे पाऊस फार झाला असं पेपरात होतं, म्हणून काळजी वाटली. मागे पाठवलेलं तेल रोज लावत असाल अशी आशा आहे. नसाल लावत, तरी तसं कळवू नका, तुमच्या बंधूंना वाईट वाटतं. इकडे सर्व ठीक आहे. म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमचे बंधू ठीक आहेत, कलमं ठीक आहेत, मांजर ठीक आहे. मी हे पत्र डायनिंग टेबलावर बसून लिहिते आहे. टेबलाशी नव्हे, टेबलावर. मांडी घालून, साडीचा काठ वर घेऊन, एका हाताशी तुमच्या बंधूंची चालायला जायची काठी ठेवून. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही ‘हं, मग?’ म्हणता आणि माझं पुढचं वाक्य पळून जातं. कागद निदान ‘हं, मग?’ म्हणत नाही.

तर झालं असं. आम्ही मुंबई सोडून इथे कायमचे राहायला आलो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की आता राजश्रीचं मानसशास्त्र ट्रंकेत गेलं. (थोड्या समाधानाने म्हणाला होतात असं मला वाटलं, माझी चूक असेल.) ते ट्रंकेत गेलं नाही. मुंबईच्या एका संस्थेने दापोलीला समुपदेशनाचा वर्ग काढला. तिथे शेतकी विद्यापीठातली मुलं, त्यांच्या परीक्षा, त्यांची प्रेमं, घरच्यांशी भांडणं, असा कामाचा पुरवठा भरपूर. आणि ते ऐकून घ्यायला तीन शिकाऊ समुपदेशक. शिकाऊ डॉक्टरच्या पाठीशी जसा मोठा डॉक्टर लागतो तसं या तिघांच्या पाठीशी कोणीतरी जुनं माणूस लागतं. आठवडाभर कोण आलं, काय बोललं, आपण काय बोललो, कुठे चुकलो, हे त्यांनी सांगायचं आणि जुन्या माणसाने कान धरायचा. याला सुपरव्हिजन म्हणतात. (तुम्ही मुख्याध्यापिका होतात, तेव्हा सुपरव्हिजन म्हटलं की परीक्षेच्या वर्गातून फिरून कॉपी पकडणं तुमच्या डोळ्यांपुढे येईल. फार वेगळं नाही. फरक इतकाच की इथे मुलांनी माझं बघून लिहावं अशीच अपेक्षा असते.)

दापोलीला रेल्वे नाही, आणि एसटीने जाऊन येऊन माझी कंबर राहणार नाही, म्हणून संस्थेने मला एक संगणक आणि त्यावर बसणारा डोळ्याएवढा कॅमेरा दिला. दर बुधवारी दुपारी तीन वाजता मी इथे आणि ते तिघं तिथे. पडद्यावरच्या एका चौकटीत तिघं दाटीवाटीने, एसटीतल्या तिघांच्या बाकड्यावर बसल्यासारखे. आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी मी स्वतः. मला या कॅमेऱ्याची पहिल्या दिवसापासून भीती वाटते. आपण समोर बघतो आणि तो आपल्या मागचंही बघतो, हे मला पटत नाही. घरात पाहुणा आला तरी आपण त्याला माजघरापर्यंतच नेतो की नाही?

आता बसायची खोली कुठली, तर अढीची. हो, तीच. मे महिन्यात आंबे पेंढ्यात पिकत घालायची ती. तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत, ‘त्या खोलीत माणसं बसत नाहीत,’ आणि मी तेव्हाच म्हटलं होतं, ‘वन्सं, पण टेलिफोनची तार तिथेच येते.’ पेंढा काढला, जमीन धुऊन घेतली, खुर्ची-टेबल मांडलं. मागच्या भिंतीचं फडताळ मात्र ठेवलं, त्यावरच्या आंब्याच्या रिकाम्या खोक्यांसकट, कारण तुमचे बंधू म्हणाले, ‘मागे खोके दिसले की बघणाऱ्याला रत्नागिरी वाटते.’ खोक्यांत उंदीर होते. उंदीर कुणाला आवडतात हे मला ठाऊक होतं, पण मनुष्य ठाऊक असलेलं सगळंच मनावर घेत नाही.

त्या तिघांबद्दल दोन शब्द. सलिल पुण्याचा (माझ्याच गावचा, तेव्हा वाईट बोलत नाही), त्याला विचारण्याआधी उत्तर येतं. अपूर्वा दापोलीचीच, बोलायला लागली की थांबत नाही, पण मनाने चांगली. आणि तिसरी सावनी, हर्णैची. वडील बोटीवर, चुलते बोटीवर, घरात सगळे वाऱ्याच्या वर ओरडून बोलणारे, आणि हिचा आवाज असा की कानात बोलली तरी काय म्हणालीस विचारावं लागेल. मी दर बुधवारी तिला सांगायची, ‘सावनी, मोठ्याने बोल. समोरच्याला आधार वाटला पाहिजे.’ ती ‘हो मॅडम’ म्हणायची, तेही मला ओठांवरून वाचावं लागायचं. सगळा वेळ मान खाली, बोटं ओढणीत. संस्थेला तिघांचा अहवाल पाठवायचा होता. सलिल उत्तम, अपूर्वा चांगली, आणि सावनीसाठी ‘या कामास योग्य वाटत नाही’ असं वाक्य मी तयार करून ठेवलं होतं. तुमच्या बंधूंना जेवताना ऐकवलंही. ते म्हणाले, ‘फार कडक आहे गं.’ मी म्हटलं, ‘जी स्वतःच इतकी भित्री आहे ती घाबरलेल्या माणसाला काय सांभाळणार?’ आणि आमटी वाढून घेतली.

आता मूळ गोष्ट. तुमच्या माहेरी त्याचं नाव घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. ज्याला पाय नसतात आणि जे पडवीत आलं की शेजारपाजार काठ्या घेऊन धावतो, ते. मीही इथे तसंच लिहिते. नाव लिहिलं तर ते कागदावर येऊन बसेल असं मला वाटतं, आणि मी एम.ए. आहे. शिवाय आणखी एक सांगायचं राहिलं. नागपंचमीला चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, हे तुम्ही माझ्या लग्नापासून बजावत आला आहात. यंदा मी चिरलं. भेंडी. ‘भीतीचं मूळ अज्ञानात असतं’ असं वर तुमच्या बंधूंना व्याख्यान देत देत, विळीवर बसून, भरपूर भेंडी चिरली. हे बुधवारी. आणि मी सांगते आहे ते घडलं पुढच्या बुधवारी.

त्या दिवशी तासाचा विषयच होता, घाबरलेल्या माणसासमोर कसं बसावं. माझा हातखंडा विषय. मी त्यांना सांगितलं, ‘घाबरू नका’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ते ऐकून आजवर कुणाची भीती गेलेली नाही, उलट घाबरण्यासारखं काहीतरी आहे याची खात्री पटते. वाक्यं लहान ठेवा. खोटा धीर देऊ नका. त्याला हुकूम सोडू नका, त्याच्याशी ठरवून घ्या. आणि त्याला कळू द्या की तुम्ही तिथे आहात. मग म्हटलं, चला, करून दाखवा. सलिल घाबरलेला माणूस, सावनी समुपदेशक, अपूर्वाने बघायचं.

सुरू झालं आणि मिनिटभरात त्यांच्या बाजूचा आवाज गेला. हे नेहमीचंच, त्यांना मी ऐकू येते, मला ते येत नाहीत. मी ‘चालू द्या’ अशी खूण केली आणि बघत बसले. सलिल आधी नाटकी करत होता, पण एकाएकी त्याचे डोळे मोठे झाले, तोंड उघडं राहिलं, रंग उतरला. मी खूश झाले. म्हटलं, ‘वा, सलिल, आत्ता जमलं! भीती अशी दिसते.’ अपूर्वाने दोन्ही हात तोंडावर दाबले. मी म्हटलं, ‘अपूर्वा, तुला काम दिलेलं नाही, तू नुसतं बघ.’ मग सलिलने टेबलावर कोपर टेकलं, मनगट वाकवलं, पंजा पसरला आणि तो माझ्याकडे डोलवायला लागला. मला वाटलं, आवाज येत नाही तर थांबायचं का, असं विचारतोय. मीही त्याला तसाच पंजा करून दाखवला, की हो, थांबा जरा. (नंतर सलिलने सांगितलं की त्या वेळी माझ्या मागचंही तसंच करत होतं. म्हणजे एका चौकटीत आम्ही दोघं आणि दुसऱ्या चौकटीत तो, असे तिघंही डोलत होतो. अपूर्वा म्हणते की मागच्याने काही पंजाबिंजा काढला नव्हता. त्यांचा अजून वाद चाललाय. मला त्या वादात रस नाही.)

तेवढ्यात आवाज आला. सावनी म्हणत होती, “मॅडम, तुमच्या मागे जनावर आहे.”

मी म्हटलं, “असू दे गं. दूध हवं असेल तिला.” वन्सं, मांजर दर बुधवारी तीनच्या सुमाराला फडताळावर येऊन झोपते. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी पुण्याचं डोकं ते पुण्याचंच.

सावनी पडद्याच्या जरा जवळ सरकली. मग म्हणाली, “मॅडम, मी आता एक सांगणार आहे. ते ऐकून तुम्ही खुर्चीतून उठायचं नाही, हात हलवायचा नाही, असं आपण ठरवूया का?”

मला वाटलं, काय छान! हुकूम सोडला नाही, ठरवून घेतलं. ‘शाबास’ म्हणायला मी तोंड उघडलं आणि माझी नजर खालच्या कोपऱ्यातल्या तिकिटावर गेली. तिकिटात मी होते. माझ्या मागे फडताळ होतं, फडताळावर खोके होते, आणि खोक्यावरून एक दोरी लोंबत होती. आमच्या फडताळावर दोरी नाही. चित्र नेहमीप्रमाणे अडकत अडकत येत होतं. एकदा दोरी खोक्याच्या काठावर होती. चित्र थांबलं. पुन्हा चालू झालं तेव्हा दोरी माझ्या खांद्याच्या उंचीला होती. मधलं अंतर तिने कसं कापलं ते कॅमेऱ्याने मला दाखवलंच नाही.

वन्सं, भीती वाटली की शरीरात काय होतं याच्या आकृत्या मी फळ्यावर काढून शिकवलेल्या आहेत. त्यातली एकही आकृती कामाला आली नाही. तळपाय गार पडले. जीभ टाळूला चिकटली. कानात भाट्याचा समुद्र सुरू झाला. इतकी वर्षं जे जे वाचलं, सांगितलं, लिहिलं, ते सगळं मागच्या दाराने निघून गेलं आणि डोक्यात एकच गोष्ट उरली, भेंडी. आडव्या चकत्या.

“मॅडम, मी सावनी. मी इथेच आहे,” ती म्हणाली. तोच आवाज, बारीक, नेहमीचा. आणि नवल म्हणजे तो मला अगदी स्पष्ट ऐकू आला. कोणी मोठ्याने बोललं असतं तर मी खुर्चीसकट उडाले असते. “तुम्हाला खूप भीती वाटतेय.” मी मान हलवणार, तेवढ्यात म्हणाली, “मान नको. पापणी चालेल.” मी पापणी मिटून उघडली. “दिसली मला,” ती म्हणाली.

सलिलला तिने डोळ्यांनीच फोनकडे पाठवलं. तुमचे बंधू त्या वेळी भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रावर रोपं घ्यायला गेले होते. सलिलने त्यांना काय सांगितलं देव जाणे. त्यांना वाटलं, आमच्या तासातली ही कसलीतरी परीक्षा आहे, आणि ते म्हणाले, ‘बरोबर उत्तर काय आहे?’ मग सलिल ओरडला तेव्हा निघाले. अपूर्वाला बोलायला बंदी होती असं दिसलं, कारण ती रडत होती, पण बोलत नव्हती.

“ते तुमच्या उजव्या बाजूला आहे,” सावनी म्हणाली, आणि लगेच, “थांबा मॅडम. माझ्या उजव्या. तुमच्या...” तिकिटात मला ते एका बाजूला दिसत होतं, तिला दुसऱ्या बाजूला, आणि माझा उजवा हात कोणता हे मी त्या क्षणी साफ विसरले होते. (हसू नका. तुम्हीही विसराल.) तिने जरा विचार केला. “ज्या हातात घड्याळ आहे, त्या बाजूला. तो हात आपण तसाच ठेवूया. त्याचा विचार नको. दुसऱ्या हातात काय आहे?” पेन होतं. “पेन गार आहे का गरम?” मी विचार केला. गार होतं. वन्सं, हे मीच तिला शिकवलं होतं, गेल्या महिन्यात, आणि तिने ते नीट केलं नाही म्हणून तिला बोलले होते.

ते खाली आलं नाही, वर गेलं नाही. माझ्या घड्याळाच्या बाजूला, खांद्यामागे, हवेत काहीतरी शोधत राहिलं. सावनी मला मधूनमधून सांगायची, आहे तिथेच आहे, आता थोडं मागे गेलं, आता थांबलं. एकदा म्हणाली, “आता जवळ आलंय, मॅडम. श्वास सावकाश सोडायचा, एवढंच काम.” ती हे असं सांगेल असं मला वाटलं नव्हतं. मी असते तर सांगितलं नसतं.

आणि लाइट गेले. आमच्याकडचं भारनियमन तुम्हाला माहीत आहे; मंडळाचं वेळापत्रक रोज पेपरात येतं आणि त्या वेळी सोडून बाकी कधीही लाइट जातात. संगणकाखाली बॅटरीची पेटी आहे, तिने पडदा चालू ठेवला, पण ती दर थोड्या वेळाने कुंई करून ओरडते. बाहेर आभाळ काळं, खोलीला खिडकी एकच, तीही माडाच्या झावळ्यांनी झाकलेली. तिकिटात आता नुसता माझा चेहरा राहिला, पडद्याच्या उजेडात निळा, आणि त्याच्या मागे काळोख. चित्र थांबायचं, चालायचं, आणि दर वेळी काळोख तोच.

मी ओठ न हलवता विचारलं, “आहे?”

सलिल काहीतरी सांगायला पुढे झुकला (पुण्याचा मुलगा, ‘गेलं गेलं’ म्हणणार होता, मला खात्री आहे), पण सावनीने हाताने त्याला मागे केलं. “मॅडम, मला ते आता दिसत नाही,” ती म्हणाली. “दिसतंय असं मी सांगणार नाही. गेलं असंही सांगणार नाही.” मग तिने एक श्वास घेतला, तो मला ऐकू आला. “पण तुम्ही मला दिसताय.”

वन्सं, लोकांना धीर देण्याची किती वाक्यं मी पाठ केली आहेत! हे त्यात नव्हतं. मी पडद्यावरच्या त्या मुलीकडे बघत राहिले. तिची मान वर होती. मी तिचे डोळे बहुतेक पहिल्यांदाच पाहिले असावेत.

मग बॅटरीची पेटी लांबलचक ओरडली आणि पडदाही गेला. सावनी गेली, तिकीट गेलं. त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. तुमचे बंधू म्हणतात थोडाच. त्यांना काय, ते स्कूटरवर होते. मी काळोखात घड्याळाचा हात टेबलावर ठेवून बसले होते आणि माझ्या मागे पत्र्याच्या पिंपावर पाऊस वाजत होता, की आणखी काही वाजत होतं, हे मला वेगळं करता येत नव्हतं. एकदा मानेला वारा लागला. वाराच असेल. पेन गार आहे, पेन गार आहे, असं मी मनात म्हणत राहिले. ते पेन गरम झालं होतं, पण मी म्हणणं सोडलं नाही.

दार उघडलं तेव्हा तुमचे बंधू एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात नारळाचं रोप घेऊन उभे होते (रोप खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही), आणि त्यांच्या मागे बागेतला गडी धाकू, विजेरी घेऊन, एक पाय आत आणि एक पाय पळायच्या बेतात. ‘ऊठ,’ तुमचे बंधू म्हणाले. मला उठता येईना. शेवटी काठी आणि रोप बाहेर ठेवून त्या दोघांनी मला खुर्चीसकट उचललं आणि पडवीत आणून ठेवलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा मला या घरात इतक्या मानाने कोणी आणलं नव्हतं. पडवीत पोचल्यावर मी मोठ्याने रडले. धाकू बिचारा म्हणाला, “वैनी, ग्येलं आता जनावर,” आणि मी विचारलं, “तू पाहिलंस जाताना?” तर म्हणाला, “न्हाय, पन ग्येलंच आसल.”

हीच तर खरी भानगड आहे. कोणीच पाहिलं नाही. खोके बाहेर काढले, फडताळ ओढलं, उंदरांची बिळं बुजवली, धुरी केली. जनावर नाही. तुमचे बंधू म्हणतात ‘गेलं असेल.’ असेल! हा शब्द मी आता ऐकू शकत नाही. तेव्हापासून मी खालच्या जमिनीशी संबंध शक्य तेवढा तोडला आहे. चपला घालण्याआधी झटकते, उशी झटकते, काल पुरणयंत्र झटकलं. रात्री तुमचे बंधू कुशीवर वळले की मी किंचाळते. ते आता विचारून वळतात.

रेंज आली तशी सावनीला फोन केला, एवढंच कळवायला की मी आहे. अपूर्वाने फोन घेतला (आता बंदी उठली होती) आणि सगळं सांगितलं. सावनी तो सगळा वेळ टेबलाखाली अपूर्वाचा हात धरून बसली होती, इतका घट्ट की अपूर्वाच्या बांगड्या फुटल्या. पडदा गेल्यावर सावनी उठून बाहेर गेली आणि पायरीवर बसून थरथर कापत राहिली. तिलाही जनावराची भयंकर भीती वाटते. त्यांच्या हर्णैच्या घरात एकदा निघालं तेव्हा ती आठवडाभर मावशीकडे राहिली होती.

परवाचा बुधवार आम्ही डायनिंग टेबलावर केला. तार इथपर्यंत ओढून घेतली आहे. संगणक टेबलावर आणि मीही टेबलावर, त्यामुळे मुलांना आधी माझे गुडघे दिसले. त्यांनी सभ्यपणे काही म्हटलं नाही. मी सावनीला सांगितलं की तुझा अहवाल पाठवला, आणि त्यात काय लिहिलंय तेही सांगितलं. (ते जुनं वाक्य मी लिहिलं नाही. काय लिहिलं ते इथे देत नाही, स्वतःच्या पत्रात स्वतःचंच लिखाण काय उतरवायचं. पण लिहिताना मला फार वेळ लागला.) ती पुन्हा मान खाली घालून बसली. मी म्हटलं, “अगं, त्या दिवशी इतकी भीती वाटत असताना तुझा आवाज एकदासुद्धा हलला नाही. मग एरवी काय होतं?”

ती ओढणीशी खेळत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, खरं सांगू? दर बुधवारी तीन वाजता पडद्यावर तुमचा चेहरा आला की मला जे होतं ना... त्या दिवशी त्याच्यापेक्षा कमीच झालं.”

सलिल आणि अपूर्वा एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, आवाज गेला असता तर बरं झालं असतं. नेमका त्या दिवशी अगदी स्वच्छ येत होता. मी साडीचा काठ गुडघ्यांवरून खाली ओढला आणि म्हटलं, “सांगितलंस ते बरं केलंस.” ती हसली. मग आम्ही तिच्याकडे येणाऱ्या एका मुलाबद्दल बोललो आणि ती ऐकू येईल इतक्या आवाजात बोलली. मी एकदाही ‘मोठ्याने’ म्हटलं नाही. फार जड गेलं.

असो. पत्र बरंच लांबलं. विशेष असं कारण काही नव्हतं, पुष्कळ दिवसांत ख्यालीखुशाली कळवली नव्हती, म्हणून लिहायला बसले. तेल लावत जा. पावसात बाहेर पडू नका. घरातल्या सर्वांना आशीर्वाद, आणि तुम्हाला, वर म्हटल्याप्रमाणे, न वाकता पण मनापासून नमस्कार.

तुमची, टेबलावरची,
राजश्री

ता. क. गणपतीला तुम्ही येताच. यंदा जरा आधी आलात तर? म्हणजे या सोमवारी? बुधवारच्या तासाला तुमची खुर्ची माझ्या खुर्चीच्या पाठीला पाठ लावून मांडेन. तुम्हाला बोलायचं काही नाही, फक्त मागे बघत बसायचं. तुम्ही लहानपणी पाणदिवड (पाण्यातलं, बिनविषारी, पण जनावरच) हातात धरून शाळेत नेली होतीत असं तुमचे बंधू अभिमानाने सांगतात. हे मी नेहमी ऐकून सोडून द्यायची. आता रोज आठवतं.

ता. क. दुसरा. वरचं लिहिण्याचं धाडस माझं नाही. परवा तास संपताना सावनीने विचारलं, ‘मॅडम, सोबतीला कोणाला का बोलावत नाही?’ मी म्हटलं, एकच माणूस आहे बोलावण्यासारखं, पण तिला विचारायची भीती वाटते. ती म्हणाली, ‘जनावरापेक्षा जास्त?’ मी खरं ते सांगितलं. तिने पुढच्या तासासाठी मला अभ्यास दिला, पत्र टाकायचं. टाकलं की नाही ते ती विचारणार आहे, आणि आजकाल ती मान वर करून विचारते. रागावू नका. वीस वर्षं भीती वाटत आली म्हणजे माया नाही असं नव्हे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार, इतक्यात तुमच्या बंधूंनी हाक मारली. कात सापडली. चांगली लांब आहे, नुकतीच टाकलेली दिसते. म्हणजे गेलेलं नाही. ती अढीच्या खोलीत नव्हती, तुमच्या खोलीत होती, तुमच्या पलंगाखाली. तेव्हा तुमचं अंथरूण माझ्याजवळ, या टेबलावर घालते. टेबल मोठं आहे, दोघी मावू. सोमवारी नक्की या.